यॉर्कमधे नवीन आलात? मग आधी साडेपाचला मिन्स्टरमधे जाऊन बसा

दर सप्टेंबरला इथे नवीन मराठी पोरं येतात, कुणी एमएस्सीला, कुणी नोकरीवर, आणि बॅगा उघडून तांदूळ कुठे मिळतो हे कळलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, की इथे गाण्याबिण्याचं काही आहे का हो, का त्यासाठी लीड्स नाहीतर लंडनच गाठायचं. मग सगळे आपापले सल्ले देतात, इथल्या बार्बिकन ह्या मोठ्या हॉलला कोण येतंय बघ, तिकिटं लवकर बुक कर वगैरे. माझं उत्तर जरा वेगळं असतं. यॉर्कमधे कार्यक्रम शोधायला सुरुवात करूच नका. इथलं खरं गाणं कार्यक्रमासारखं नाहीये, दुधाच्या रतीबासारखं आहे, रोज ठरलेल्या वेळी येतं, तुम्ही दार उघडा नाहीतर झोपून रहा. तो रतीब आधी लावून घ्या, बाकीचं गाव त्याच्यामागून आपोआप कळत जातं.

मी संगीताचा जाणकार नाही, लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलोय तेवढंच. तरी इतकी वर्षं जाऊन जाऊन जे कळलंय ते क्रमाने लिहितो.

पायरी १ : इव्हनसाँगला जा (आणि तिकीट काढू नका)

मिन्स्टर म्हणजे इथलं कॅथीड्रल, गावात कुठूनही दिसतं, शोधायची गरज नाही. दिवसा बघायला जायचं तर तिकीट आहे आणि ते विद्यार्थ्याच्या खिशाला बऱ्यापैकी लागतं. पण प्रार्थनेला यायला पैसे नाहीत, कुणालाच नाहीत. संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला इव्हनसाँग म्हणतात, आठवड्यातल्या दिवशी साधारण साडेपाचला, रविवारी चारच्या सुमारास. वेळ अधूनमधून बदलते म्हणून निघायच्या आधी त्यांच्या वेबसाईटवर त्या आठवड्याचं पत्रक बघून घ्या. पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा, दारावरच्या माणसाला एवढंच सांगायचं, ‘फॉर इव्हनसाँग प्लीज’. तुमचा धर्म कोणता, विश्वास आहे का, हे कुणीही विचारत नाही. मला तरी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

आत गेल्यावर समोर पंधरा राजांचे दगडी पुतळे असलेली एक जाळीदार भिंत दिसेल, विल्यम द काँकररपासून सहाव्या हेन्रीपर्यंत, आणि तिच्या डोक्यावर ऑर्गन बसवलाय. त्या भिंतीतल्या दारातून पलीकडे गेलं की समोरासमोर लाकडी बाकांच्या रांगा, ती जागा म्हणजे क्वायर. गंमत अशी की गाणाऱ्यांच्या गटालाही क्वायरच म्हणतात, उच्चार एकच, त्यामुळे पहिल्या दिवशी ‘क्वायरमधे बसा’ असं मला कुणीतरी सांगितलं तेव्हा मी घाबरून म्हटलं की मला गाता येत नाही. गाणाऱ्यांच्या जागा सोडून कुठेही बसा, रांगेच्या कडेची माणसं दाखवतील.

आता कधी उभं राहायचं कधी बसायचं. पुढच्या रांगेत बसू नका म्हणजे प्रश्नच मिटला, पुढच्यांचं बघून करायचं. बहुतेक वेळ तुम्हाला काही म्हणावं लागत नाही, फक्त ऐकायचं असतं. एका ठिकाणी सगळे पूर्वेकडे तोंड करून विश्वासाचा मजकूर म्हणतात, तिथे नुसतं शांत उभं राहिलं तरी चालतं. फोटो नाही, मोबाईल बंद, आणि टाळ्या नाहीत. मी पहिल्या दिवशी ते अँथम की काय ते (म्हणजे क्वायरने गायलेलं धार्मिक गीत) संपल्यावर मनापासून दोन टाळ्या वाजवल्या, तिसरी हातातच राहिली. कुणी रागावलं नाही पण शेजारच्या आजी अशा गोड हसल्या की अजून आठवलं तरी कान गरम होतात. सगळं मिळून पाऊण तास. आणि स्वेटर घालून जा हो, जूनमधेसुद्धा, दगडाची थंडी वेगळीच असते.

पायरी २ : नेमकं काय गातायत ते समजून घ्या

इथे थोडा वेळ घालवा, कारण हे एकदा कळलं की रोज जाऊनही कंटाळा येत नाही, आणि नाही कळलं तर तिसऱ्या दिवशी ‘रोज तेच तेच’ म्हणून सोडून द्याल.

इव्हनसाँगचा साचा १६व्या शतकातल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून आलाय आणि तो फारसा बदलत नाही. आधी थोडी प्रश्नोत्तरासारखी प्रार्थना, मग स्तोत्र, मग बायबलचा एक उतारा, मग मरियेचं गीत म्हणजे मॅग्निफिकॅट, दुसरा उतारा, मग म्हाताऱ्या शिमोनाचं गीत म्हणजे नुंक दिमिटिस, पुढे अजून प्रार्थना, अँथम, आणि शेवटी सगळे बाहेर पडताना ऑर्गनवर एक दणदणीत तुकडा. ही दोन गीतं रोज असतात. शब्द तेच. पण चाल रोज वेगळी, कारण गेल्या चारशे-साडेचारशे वर्षांत शेकडो संगीतकारांनी ह्याच दोन गीतांना चाली लावून ठेवल्यात. आपल्याकडे एकच अभंग वेगवेगळ्या गायकांनी वेगवेगळ्या चालींत गायलेला आपण ऐकतोच की, तसंच, फक्त इथे ते लिहून ठेवलंय आणि महिनाभराचं वेळापत्रक लावून गातात.

म्हणून पत्रकावर ‘स्टॅनफर्ड इन सी’, ‘जॅक्सन इन जी’, ‘बेअरस्टो इन डी’ असं काहीतरी दिसतं. म्हणजे संगीतकाराचं आडनाव आणि सूर, बस्स. त्यातले बेअरस्टो आणि जॅक्सन हे घरचेच. एडवर्ड बेअरस्टो १९१३ पासून १९४६ पर्यंत इथले ऑर्गनिस्ट होते, त्यांच्या हाताखाली मिन्स्टरमधे गाणारा एक पोरगा म्हणजे फ्रान्सिस जॅक्सन, तो पुढे १९४६ ला त्याच जागेवर बसला आणि १९८२ पर्यंत राहिला. जॅक्सन २०२२ च्या जानेवारीत गेले तेव्हा १०४ वर्षांचे होते. एका जागेवर दोन माणसं आणि जवळजवळ सत्तर वर्षं, घराणं म्हणावं तर म्हणा. तर नवख्या माणसाने पत्रकात ह्या दोघांपैकी एकाचं नाव दिसेल तो दिवस पकडायचा. हर्बर्ट हॉवेल्स हे नाव दिसलं तर तेही सोडू नका, तो माणूस त्या त्या कॅथीड्रलच्या घुमाऱ्याचा विचार करून चाली लिहायचा, यॉर्कसाठीपण लिहिलीय.

स्तोत्रांकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात आणि मला तेच सगळ्यात आवडतं. गाणारे दोन बाजूंना समोरासमोर, दक्षिणेकडच्या बाजूला डेकॅनाय म्हणतात आणि उत्तरेकडच्या बाजूला कँटोरिस, आणि एक ओवी ह्यांनी एक ओवी त्यांनी. वारकरी भजनात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहून चरण एकमेकांकडे टाकतात ना, ते ज्याने बघितलंय त्याला हे समजवावं लागत नाही. तालाचं चक्र नाही, मात्रा मोजायच्या नाहीत, बोलण्याच्या लयीवर चाल ताणायची आणि तरी वीस-पंचवीस जणांचे शब्द एकत्र पडले पाहिजेत, हे महाकठीण काम आहे. जुन्या पुस्तकाप्रमाणे १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून म्हणायची असतात. त्या हिशोबात १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं, सत्तरहून जास्त ओव्यांचं. हल्ली बहुतेक ठिकाणी ते कापून म्हणतात, पण इथल्या जुन्या गाणाऱ्यांना ‘फिफ्टीन्थ इव्हनिंग’ म्हटलं तर ते आपल्या एकादशीसारखा चेहरा करतात.

गाणारे कोण, तर मुलं-मुली आणि मोठी माणसं. मुलींचा क्वायर १९९७ पासून आहे, आधी फक्त मुलगे. मिन्स्टरची स्वतःची शाळा होती ती २०२० मधे बंद झाली, आता ही मुलं शेजारच्या सेंट पीटर्स शाळेत शिकतात, जी आपली सुरुवात इ.स. ६२७ ची सांगते. मोठ्या गायकांना बाकी कॅथीड्रलांत ले क्लार्क म्हणतात पण यॉर्कमधे साँगमेन, हा शब्द वापरलात तर समोरचा माणूस लगेच खुलतो. त्यांच्या पूर्वजांसाठी, म्हणजे पुजाऱ्यांच्या वतीने गाणाऱ्या मंडळींसाठी, १२५२ मधे एक वसतिगृहच काढलं होतं, त्यांचं जेवणघर बेडर्न हॉल अजून उभं आहे, गुडरमगेटवरून आत गल्लीत शिरलात की सापडतं.

एक व्यवहारी सूचना: शाळेला सुट्टी असली की ही मुलं नसतात. ऑगस्टमधे तर हमखास बाहेरून पाहुणे क्वायर येतात, कधी एकदम भारी, कधी ठीकठाक. आईबाबा उन्हाळ्यात येणार असतील तर शक्यतो जून किंवा जुलैच्या सुरुवातीला बोलवा.

पायरी ३ : ऑर्गन म्हणजे पायपेटी नाही

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यासमोर येतो. तो पेटीचा थोरला भाऊ, आत धातूच्या पट्ट्या. हा वेगळा प्राणी आहे, ह्यात नळ्या आहेत, ५,००० च्या वर, पेन्सिलीएवढ्यापासून दहा मीटरपर्यंत. २०१८ मधे त्यातल्या जवळजवळ सगळ्या काढून डरहॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसनकडे दुरुस्तीला नेल्या होत्या आणि २०२१ ला पुन्हा वाजायला लागला. इतकं मोठं काम शंभर वर्षांत झालं नव्हतं. इव्हनसाँग संपल्यावर लोक उठून चालायला लागतात, तुम्ही उठू नका. तो शेवटचा तुकडा संपेपर्यंत बसा, फुकटात अख्खं ऑर्गन रेसायटल आहे ते. (हा तुकडा संपल्यावर कधीकधी बसून राहिलेले चार-पाच लोक टाळ्या वाजवतात, तिथे चालतं. मला अजून धीर झालेला नाही.)

ह्याच्या आधीच्या ऑर्गनची गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. १ फेब्रुवारी १८२९, रविवार. जोनाथन मार्टिन नावाचा एक माणूस इव्हनसाँगला बसला होता, त्याच्या डोक्यात आधीपासूनच पाद्र्यांबद्दल राग होता आणि त्या दिवशी ऑर्गनची घरघर त्याला सहन होईना. प्रार्थना संपल्यावर तो लपून आतच राहिला, रात्री क्वायरमधे आग लावली आणि घंटेच्या दोरावरून खिडकीतून उतरून पसार. सकाळी गाण्याच्या सरावाला येणारा एक पोरगा बाहेर बर्फावर घसरून पाठीवर पडला, म्हणून त्याला वर छतातून येणारा धूर दिसला. ऑर्गन गेला, लाकडी क्वायर गेलं. म्हणजे तुम्ही ज्या कोरीव बाकांवर बसता ती मध्ययुगीन वाटली तरी १८२९ नंतरची आहेत.

पायरी ४ : बाहेर थांबून घंटा ऐका

रविवारी सकाळी मिन्स्टरच्या पश्चिमेच्या दाराबाहेर उभे रहा. पहिल्यांदा वाटेल की हा गोंगाट आहे, ह्यांना एक धून धड वाजवता येत नाही. धून नसतेच. बारा घंटा, प्रत्येक घंटा चाकावर टांगलेली, एक माणूस एक दोर, आणि घंटा पूर्ण गोल फिरते. आधी सगळ्यात बारीक आवाजाच्या घंटेपासून जाडपर्यंत ओळीने उतरत येतात आणि मग क्रम बदलायला लागतो, प्रत्येक फेरीत एक घंटा फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकू शकते, आणि एकदा आलेला क्रम पुन्हा यायचा नाही.

ज्याने गाणं शिकताना पलटे घोटलेत त्याला हे ओळखीचं वाटेल. आपल्या शास्त्रात खंडमेरू आहे, सात स्वरांचे सगळे प्रस्तार काढायचे, ते होतात ५,०४०. इथे सात घंटांचे सगळे क्रम काढायचे तर तेही अर्थातच ५,०४०, आणि ते न थांबता वाजवायला तीन तासांच्या आसपास लागतात, त्याला पील म्हणतात. दोन वेगळ्या जगांतली माणसं एकाच गणिताच्या नादी लागली हे मला कळलं त्या दिवशी मी गारठत अर्धा तास बाहेर उभा होतो.

आणि पुणेकरांनो, हे बघायला तुम्हाला इंग्लंडला यायचीच गरज होती असं नाही बरं का. गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या चर्चच्या मनोऱ्यात ह्याच इंग्लिश पद्धतीने टांगलेल्या आठ घंटा आहेत. टिळक-रानड्यांच्या चहाच्या प्रकरणामुळे आपल्याला पंचहौद मिशन माहिती, वरच्या घंटा कुणाच्या गावीही नसतात.

इकडे मिन्स्टरच्या दुसऱ्या, म्हणजे वायव्येच्या मनोऱ्यात ग्रेट पीटर आहे, जवळजवळ ११ टनांची एकटी घंटा, तासाचे ठोके देते. बारा वाजता खाली उभं राहिलात तर छातीत जाणवतं. शिवाय २००८ पासून एक कॅरिलॉन आहे, ३५ घंटा आणि त्या लाकडी दांड्यांच्या कीबोर्डवर वाजवायच्या. ह्यावर मात्र खरोखरच्या धुना येतात, त्यामुळे गोंधळू नका.

पायरी ५ : आता गावात या

मिन्स्टरचा रतीब महिनाभर झाला की मग वॉल्मगेटला जा. तिथे सेंट मार्गारेट्स नावाचं जुनं चर्च आहे, त्यात २००० सालापासून नॅशनल सेंटर फॉर अर्ली म्युझिक चालतं. अर्ली म्युझिक म्हणजे ढोबळमानाने बाख-हँडलपर्यंतचं, त्या त्या काळच्या वाद्यांवर वाजवलेलं. दर जुलैत यॉर्क अर्ली म्युझिक फेस्टिव्हल असतो, १९७७ पासून, आणि ख्रिसमसच्या आधी एक छोटा. वर्षभर तिथे लोकसंगीत, जॅझ, जगभरातलं बाकीचंपण असतं. तिकिटाला विद्यार्थी सवलत आहे का ते आधी विचारायचं, लाजायचं नाही.

तिथे शॉम नावाचं वाद्य ऐकायला मिळालं तर डोळे मिटून ऐका. दुहेरी पत्तीचं, सनईच्याच कुळातलं, आणि आवाज असा की बंद खोलीत नकोसा होतो पण मोकळ्यावर मस्त. पूर्वी ह्या गावाच्या पदरी पगारी वाजंत्री होते, त्यांना वेट्स म्हणायचे, गावाचा गणवेश घालून मेयरच्या मिरवणुकीत आणि सणासमारंभाला वाजवायचे. नगारखानाच म्हणा की. १८३६ मधे त्यांची नोकरी गेली, १९७७ मधे हौशी-जाणत्या मंडळींनी त्याच नावाने पुन्हा गट उभा केला.

युनिव्हर्सिटीच्या म्युझिक डिपार्टमेंटचा सर जॅक लायन्स हॉल हेस्लिंग्टनला आहे, ६६ नंबरच्या बसने जाता येतं. टर्म चालू असताना कार्यक्रम असतात आणि तिकिटं स्वस्त. त्यांच्याकडे जावाचा पूर्ण गॅमेलान, म्हणजे तिथला घंटा-थाळ्यांचा वाद्यवृंद आहे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, तो वाजताना एकदा बघाच.

स्वतः गायचं असेल तर यॉर्क म्युझिकल सोसायटी आहे, १७६७ पासून चालू, मोठमोठ्या कोरल रचना मिन्स्टरमधेच गातात. चॅप्टर हाऊस क्वायर १९६५ चा, त्यांचा स्तर फार वरचा, तिथे गाण्यापेक्षा त्यांच्या डिसेंबरच्या मेणबत्तीच्या उजेडातल्या कॅरल्सची, म्हणजे ख्रिसमसच्या गाण्यांची, तिकिटं मिळाली तरी खूप, आणि ती भराभर संपतात. गावात ऑडिशन न घेणारे कम्युनिटी क्वायरही आहेत. स्टाफ नोटेशन येत नाही म्हणून थांबू नका, मला अजून धड येत नाही, शेजारच्याच्या सुरात सूर मिसळत जातो आणि सराव घरी यूट्यूबवरून. आपल्याकडे गुरूच्या मागून ऐकून ऐकून गायची सवय असते ती इथे भलतीच कामी येते, नोटेशन वाचणाऱ्यांची मान कागदात असते आणि तुमची मात्र वर.

पायरी ६ : गिटारवाल्यांना विसरू नका

हे पटकन उरकतो कारण ह्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मोठी नावं बार्बिकनला. छोट्या गिग्ससाठी रेल्वे स्टेशनजवळ द क्रेसेंट, जुना कामगार क्लब होता तो, आणि फुलफर्ड रोडला द फुलफर्ड आर्म्स. शेड सेव्हन हा बँड ह्याच गावचा, टॅक्सीवाल्यासमोर नाव काढलंत तर अर्धा तास निश्चिंती. स्टोनगेटला आणि किंग्ज स्क्वेअरला रस्त्यावर वाजवणारे असतात, उभं राहून ऐकलंत तर नाणं टाका. पबमधल्या फोक सेशनला एकच नियम: मधल्या टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्चीवर बसायचं नाही, ती वाजवणाऱ्याची असते.

फिशरगेटला पूर्वी रियाल्टो नावाचं थिएटर होतं, १९६३ ह्या एका वर्षात बीटल्स तिथे चारदा येऊन गेले. ते चालवणाऱ्या घरातला मुलगा म्हणजे जॉन बॅरी, ज्याने पुढे ११ बाँडपटांना संगीत दिलं. लहानपणी तो संगीताचे धडे घ्यायला कुणाकडे जायचा माहितीये? वर सांगितलेल्या फ्रान्सिस जॅक्सनकडे, मिन्स्टरमधे. मी ही गोष्ट सांगितली की ‘चर्चचं गाणं मला बोअर होईल’ म्हणणारी पोरं निदान एकदा यायला तयार होतात. थिएटर मात्र आता पाडलंय, जाऊन काही दिसणार नाही.

जाता जाता, नेहमीचे प्रश्न

लहान मूल घेऊन यायचं का? या, कडेला दाराजवळ बसा, रडायला लागलं तर सरळ बाहेर न्या, कुणी वळून बघत नाही. पैसे टाकावे लागतात का? ताट किंवा कार्डचं मशीन असतं, ऐच्छिक आहे, मी महिन्यातून एकदा टाकतो. कपडे? काहीही, भिजलेलं जॅकेटसुद्धा. ख्रिसमसच्या आठवड्यात जायचं का? कॅरल सर्व्हिसला तोबा गर्दी असते, काहींना आधी बुकिंग लागतं, त्यापेक्षा नोव्हेंबर संपताना अ‍ॅड्व्हेंटची, म्हणजे ख्रिसमसच्या तयारीचे आठवडे सुरू होतात तेव्हाची, सर्व्हिस बघा, अंधारात सुरू होते आणि मेणबत्त्या हळूहळू पुढे सरकत जातात.

आणि पहिल्यांदा येताना एकटं यायला कसंतरी वाटत असेल तर बहुतेक मंगळवारी मी असतो, डेकॅनायच्या बाजूला, मागच्या रांगेत, निळी टोपी मांडीवर. शेजारी येऊन बसा. बोलायचं मात्र सगळं संपल्यावर.